लोहाऱ्याचे रान

शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहून द्यावे अशी संपादकमंडळाची आज्ञा आम्हांस दरवर्षी होते, आणि दरवर्षी एखादा प्रवासवृत्तान्त किंवा एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र देऊन आम्ही त्या आज्ञेतून मोकळे होतो. यंदा तसे करवत नाही. यंदा आमच्यावर एक ऋण आहे. ते ज्याचे आहे तो विद्यार्थी हे पान वाचणार आहे, व त्याचे वडीलही वाचतील अशी आम्हांस आशा आहे.

हकीकत अशी झाली. गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात आम्ही भूगोल शिकवीत होतो. धडा खनिज संपत्तीचा होता. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात हा धडा शिकविण्यास नकाशाची फारशी गरज पडत नाही. खिडकीतून बाहेर पाहिले तरी पुरे. बोलण्याच्या भरात आम्ही खुल्या खाणींचे वर्णन करू लागलो. कापलेले रान, आटलेल्या विहिरी, मातीचे कृत्रिम डोंगर, पानापानांवर बसलेली काळी भुकटी, हे सारे सांगून झाल्यावर आम्ही एक वाक्य उच्चारले. ते आम्हांला त्या वेळी मोठे सुंदर वाटले होते. आम्ही म्हणालो, "खाणीवर राबणारा मनुष्य आपल्याच मुलांच्या ताटातले अन्न काढून बाजारात विकीत असतो." वर्ग स्तब्ध झाला. कित्येकांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने मात्र लेखणी खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. रात्रपाळी करून ते परस्पर आले होते. तोंड धुतले होते, तरी डोळ्यांच्या कडांना कोळशाची बारीक रेघ राहिलीच होती. खुर्ची पुढे केली असता ती मळेल म्हणून ते बसले नाहीत. आवाज न चढविता त्यांनी इतकेच विचारले, "सर, आमच्या कामाची पोरांना लाज वाटावी, असं शिकवता का तुम्ही?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. घंटा झाली, त्यांनी नमस्कार केला व ते निघून गेले.

वाचकहो, या प्रश्नाचा घाव आमच्या वर्मी का बसला हे कळावयास थोडे आमच्या घराविषयी सांगितले पाहिजे. आमचे वडील भूमिगत खाणीत कामाला होते. आमचा जन्म खाणीच्या वसाहतीत झाला. भोंगा वाजला की जेवावयाचे आणि भोंगा वाजला की निजावयाचे, घड्याळ असे आमच्या घरी नव्हते. आमच्या आईची शेगडी कोळशाची, आमच्या शाळेची फी कोळशाची, आणि नागपुरास मिशनच्या वसतिगृहात राहून आम्ही जी पदवी मिळविली तीही, खरे पाहू जाता, कोळशाचीच. ज्या ताटाविषयी आम्ही वर्गात इतके अलंकारिक बोललो, त्याच ताटात आम्ही पंचवीस वर्षे जेवलो होतो. बोलताना ते आम्ही विसरलो. ज्याच्या वडिलांच्या डोळ्यांत अजून भुकटी आहे, तो मुलगा कसा विसरणार?

वडिलांपासून आम्ही एक गोष्ट लहानपणीच ऐकली होती. खाणीत शिरल्यावर जुना कामगार आधी काय करतो, तर लोखंडी सब्बलीने डोक्यावरचे छत ठोकून पाहतो. दगड घट्ट असेल तर तो खणखणीत वाजतो. आतून सुटलेला असेल तर भद्द आवाज येतो. भद्द आवाज आला की तेथे पाऊल टाकावयाचे नाही, थुणी लावावयाची. "वरून छान दिसतं म्हणून विश्वास ठेवू नको, ठोकून पाहा," असे वडील म्हणत. आमच्या त्या सुंदर वाक्यास त्या दिवशी एका कामगाराने ठोकून पाहिले, आणि आवाज भद्द आला.

तेव्हा आम्ही ठरविले की या विषयाचा धडा पुन्हा घ्यावा, आणि तो वर्गात न घेता जमिनीवर घ्यावा. फेब्रुवारीच्या एका शनिवारी वनखात्याची परवानगी काढून व त्यांचा एक माणूस बरोबर घेऊन आम्ही नववीच्या मुलांस मूलच्या रस्त्याने लोहाऱ्याच्या रानाकडे नेले. जाण्यापूर्वी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली, व आमच्याबरोबर येण्याची विनंती केली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येतो. पण मी शिकलेला नाही, सर." हे त्यांचे म्हणणे कितपत खरे होते, ते पुढे कळेलच.

लोहारा हे नाव आमच्या जिल्ह्यात अनेकांच्या स्मरणात आहे. चंद्रपूर शहराच्या अगदी जवळ, ताडोब्याच्या रानाला जोडून असलेल्या या पट्ट्याखाली कोळसा आहे, व तेथे मोठी खुली खाण काढण्याचा बेत झाला होता. शहरातील नागरिकांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, उपोषणे केली. आणि २००९ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने त्या बेतास नकार दिला. पुढे चिमूरकडील बंदर नावाचा कोळसापट्टा २०२० साली लिलावाच्या यादीत आला होता. वाघांच्या येण्याजाण्याचा मार्ग त्यावरून जातो म्हणून विरोध झाला, व तोही यादीतून वगळण्यात आला. म्हणजे जी खाण झालीच नाही तिची जागा पाहावयास आम्ही निघालो होतो. मुलांना याचे हसू आले. परंतु झालेली खाण पाहून पूर्वी तेथे काय होते हे कळत नाही. न झालेल्या खाणीच्या जागीच ते पाहता येते.

पळस नुकता फुलू लागला होता. साग जवळजवळ निष्पर्ण झाला होता, ऐनाच्या खोडावरील सुसरीच्या पाठीसारखी साल उन्हात उठून दिसत होती, आणि धावडा, तेंदू, मोह, बीजा यांच्या मधून बांबूची बेटे दाटली होती. मोह फुलावयास अजून अवकाश होता. तो फुलला म्हणजे पहाटे टोपल्या घेऊन फुले वेचणारी माणसे येथे येतात, आणि त्यानंतर तेंदूपानाचा हंगाम सुरू होतो. या रानावर वाघाइतकाच त्यांचाही जीव अवलंबून आहे.

रस्त्याच्या कडेस एके ठिकाणी पिवळसर तांबूस खडक उघडा पडला आहे. तेथे आम्ही मुलांस बसविले. हा खडक म्हणजे वालुकाश्म, वाळूचा दगड. भूगर्भशास्त्रज्ञ याला कामठी वालुकाश्म म्हणतात. नागपुराजवळच्या कामठीवरून हे नाव पडले. त्यावर बोट घासले की वाळूचे कण हाताला लागतात. एके काळी मोठ्या नद्यांनी येथे वाळू आणून पसरली, थरावर थर चढले, दाबाने त्यांचा दगड झाला. याच्या खाली, आणखी जुन्या काळी साचलेल्या थरांत कोळसा आहे.

येथून खाली काय काय आहे, ते आम्ही मुलांना सांगू लागलो. सर्वांत नवलाची गोष्ट सर्वांत खाली आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेस काही मैलांवर, पैनगंगेच्या बाजूस, इरई नावाच्या गावाजवळ जुना चुनखडीचा दगड आहे. त्याच्या पृष्ठभागावर घासल्याच्या, ओरखडल्याच्या सरळ रेघा उमटल्या आहेत, आणि वर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला थर आहे. १८७५ साली फेडन नावाच्या सरकारी भूगर्भशास्त्रज्ञाने यांविषयी लिहून प्रसिद्ध केले. अशा रेघा दगडावर कोण ओढतो? बर्फ ओढतो. हलणाऱ्या हिमनदीच्या तळाशी अडकलेले गोटे खालच्या खडकास किसणीसारखे घासत जातात. ज्या चंद्रपुरात वैशाखात पारा ४६-४७ अंशांवर चढतो व मडक्यातले पाणीदेखील कोमट होते, त्या चंद्रपुरात एके काळी बर्फाचे राज्य होते! ही भूमी त्या वेळी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण ध्रुवाचा खंड हे सारे तिला जोडलेले होते. त्या प्राचीन महाखंडास शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. हे नाव कोठून आले? आमच्याच गोंड लोकांच्या भूमीवरून. ज्या राजांच्या कोटाच्या वेशीतून आपण रोज जा-ये करतो, त्यांच्या लोकांचे नाव पृथ्वीच्या अर्ध्या इतिहासावर कोरलेले आहे.

पुढे बर्फ वितळला. सखल जागी दलदली झाल्या, त्यांत घनदाट झाडी वाढली. झाडे पडली, ती पाण्याखाली गेल्यामुळे कुजून नाहीशी झाली नाहीत; त्यांवर गाळ साचला, पुन्हा झाडी, पुन्हा गाळ. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी साचलेली ती पाने, साली व खोडे दबून आणि तापून कोळसा झाली. वर्धा नदीच्या खोऱ्यात हा थर कोठे कोठे पंधरा मीटरांहून जाड आहे. शेगडीत जे लाल फुलते, ते त्या काळचे ऊन होय. त्या पानांनी ते साठवून ठेवले होते.

आम्ही इतके बोललो आणि त्या गृहस्थांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. तो करड्या रंगाचा एक चपटा दगड होता. कोळशाच्या थराजवळ सापडणारी ती शेल जातीची मऊ खडकाची खपली होती. तिच्यावर एक लांबट, जिभेच्या आकाराचे पान उमटले होते. मधली शीर स्पष्ट, आणि तिच्यापासून निघालेल्या बारीक शिरांचे जाळे इतके रेखीव, की जणू कालच कोणी पुस्तकात दाबून ठेवले असावे. "अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "ड्रिलच्या जागेवर सापडला. पान आहे हे मला कळत होतं. कोणत्या झाडाचं ते कोणालाच सांगता आलं नाही. टाकवलं नाही, म्हणून खिडकीत ठेवला होता."

आम्ही त्यांस सांगितले, "याचे नाव ग्लॉसोप्टेरिस." ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारणपणे जीभ-नेचा असा होतो, पण हा नेचा नव्हे, बीज धरणारा वृक्ष होता हे पुढे सिद्ध झाले. आमच्याकडील कोळसा बहुतांशी याच्या कुळाने दिलेला आहे. १९१२ साली कप्तान स्कॉट व त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परतताना बर्फात मरण पावले. अन्न संपले असताही त्यांनी सुमारे १६ किलो दगड गाडीवरून ओढीत आणले होते, व त्या दगडांत याच पानाचे ठसे निघाले. जो खंड आज बर्फाखाली आहे तेथे आणि आमच्या चांद्याला एकच झाड वाढत होते, हे त्या दगडांनी जगाला सांगितले. त्या गृहस्थांनी दगड परत हातात घेतला, आणि पुष्कळ वेळ ते त्याकडे पाहत राहिले. त्यांचा मुलगा त्यांच्याकडे पाहत होता.

आमच्या वाचकांस आणखी एका गृहस्थाचे स्मरण करून दिले पाहिजे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालविणे हे त्यांचे मुख्य काम. परंतु सुट्टी मिळाली की ते हातोडा घेऊन टेकड्या व ओढे धुंडाळीत. कामठी व सिलेवाडा येथील दगडांच्या खाणींतून त्यांनी प्राचीन वनस्पतींचे ठसे गोळा केले. मांगली येथे त्यांना व त्यांचे सहकारी हंटर यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याचे डोके सापडले. विलायतेतील विख्यात शास्त्रज्ञ ओवेन यांनी त्याचे वर्णन केले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळची पुरातन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला. आमच्या वसतिगृहातील वृद्ध शिक्षक ही कथा सांगून म्हणत, की शाळामास्तराने पायाखालच्या दगडाशी ओळख ठेवावी. त्या दगडाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्या माणसांशीही ओळख ठेवावी, ही पुरवणी आम्ही आमच्या चुकीतून शिकलो.

दुपारी एका नाल्यापाशी आम्ही थांबलो. पाऊस संपून चार महिने झाले होते, तरी खडकाच्या पायथ्याशी ओल होती, व एका खळग्यात स्वच्छ पाणी साचत होते. मुलांनी विचारले, हे येते कोठून? येथे त्या गृहस्थांनीच धडा हाती घेतला. ते म्हणाले, "हा वाळूचा दगड पाणी पितो. ड्रिल करताना आम्हांला आधी कळतं. वर पिवळी भुकटी निघते, मग तांबडी माती, मग ओली वाळू. ओली वाळू लागली की समजावं, पाणी आलं. पुढे करडा दगड, आणि त्याच्याखाली काळं. आमच्या खाणीत रात्रंदिवस पंप चालतात. खाणीचं अर्धं आयुष्य पाणी उपसण्यातच जातं, बाबांनो."

पुस्तकात जे आम्ही दोन पृष्ठांत वाचले होते, ते त्यांनी सात-आठ वाक्यांत सांगितले. कामठीचा वालुकाश्म हा या भागातील पाण्याचा मोठा साठा आहे. पावसाचे पाणी त्याच्या कणाकणांतून मुरते, सावकाश खाली उतरते, आणि विहिरींना व नाल्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरते. कोळसा त्याच्या खाली आहे. म्हणून खुल्या खाणीने कोळशापर्यंत पोचावयाचे झाले तर हा पाण्याचा दगडच फोडून बाजूस टाकावा लागतो. मग भोवतालच्या दगडातले पाणी त्या खड्ड्याकडे धावते, पंप ते उपसून टाकतो, आणि दूरच्या विहिरीत पोहरा तळाला लागतो. बाहेर काढलेल्या दगडमातीचा ढिगारा पुन्हा जमिनीवर घातला तरी तो पूर्वीचा खडक होत नाही. त्यावर झाडे लावता येतात, लावावीतही. पण ज्या मातीला बनावयास हजारो वर्षे लागली ती, तिच्यातील बुरशी, मुळे, कीटक व बीजे, ही एका पावसाळ्यात लावता येत नाहीत.

तेथेच ओल्या वाळूत वनखात्याच्या माणसाने एक ठसा दाखविला. वाघाचा पंजा. फार तर आदल्या रात्रीचा असेल. मुले एकमेकांस चिकटून उभी राहिली. ताडोबा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान, आपल्या राज्यातील सर्वांत जुने. परंतु वाघास उद्यानाची सीमा वाचता येत नाही. वयात आलेला तरुण वाघ आईचा मुलूख सोडून नवी जागा शोधू लागतो, आणि त्यास झाडीझाडीतून पुढे जावयास वाट लागते. वाट तुटली तर तो शेतातून व गावातून जातो. मग मनुष्य मरतो किंवा वाघ मरतो. आमच्या जिल्ह्यात दोन्ही प्रकारच्या बातम्या नव्या नाहीत.

परतताना तो मुलगा वडिलांजवळ गेला व त्याने सर्वांच्या देखत विचारले, "बाबा, इथे खाण झाली असती तर तुम्ही काम केलं असतं?" आमच्या मनात आले, हा प्रश्न खरे म्हणजे आम्हांस आहे. ते गृहस्थ म्हणाले, "केलं असतं. तुझी फी भरायची होती." थोडे चालून गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "पण झाली नाही, ते बरं झालं."

आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. २००९ साली नागरिकांच्या अर्जावर आम्ही सही केली होती. वडील तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. त्यांना दुःख होईल म्हणून आम्ही ती गोष्ट लपविली. त्यांना ती बाहेरून कळली. एके दिवशी सकाळी ते म्हणाले, "सही केलीस ते ठीक केलंस. पण मला सांगायला लाज कशाची वाटली?" आम्ही म्हणालो, "तुम्ही आयुष्यभर खाणीत होता, म्हणून." तेव्हा ते म्हणाले, "आम्ही खालून काढत होतो, वर रान उभं असायचं. पण छताला ज्या थुण्या लावायचो त्याही कुठल्यातरी रानातल्याच होत्या. हिशेब कोणाचाच कोरा नसतो." ते आज हयात नाहीत. त्यांचा तो हिशेब आम्ही ध्यानात ठेवला असता, तर वर्गात ते वाक्य आमच्या तोंडून निघाले नसते.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही विचाराल, मग उत्तर काय? कोळसा काढावा की न काढावा? ज्या दिव्याखाली तुम्ही हे वाचीत आहात तो बहुधा कोळशावरच जळत आहे. आपल्या शहराजवळील वीजकेंद्राची शक्ती २,९२० मेगावॉट असून ते कोळशावर चालते. दिवा लावावयाचा आणि कोळसा काढणाऱ्यास नावे ठेवावयाची, हे न्याय्य नव्हे. उलट, दिवा लागतो म्हणून कोठेही खणावे हेही न्याय्य नव्हे. भूमिगत खाणीने वरचे रान वाचते असे मानून निश्चिंत राहावे, तर तेही पुरते खरे नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुस येथे एक राहते घर अकस्मात जमिनीत गडप झाले, कारण खाली जुनी खाण होती. आणि कोळसा जाळल्याने हवेत जो वायू साचतो त्याने साऱ्या पृथ्वीची उष्णता वाढत आहे, हे आता शाळेतील मुलासही ठाऊक आहे. तेव्हा कोळशावरचे अवलंबन कमी करीत जाणे हे तुमच्या पिढीचे काम आहे, आणि ते होईपर्यंत कोठे खणावे व कोठे खणू नये हे ठरविणे आमच्या पिढीचे.

आमच्या अल्प मतीप्रमाणे लोहाऱ्याचे उत्तर बरोबर आले. तेथे एकाच ठिकाणी पाण्याचा दगड, वाघाची वाट आणि गरिबांची मोहफुले आहेत; कोळसा अन्यत्रही आहे, हे तिन्ही उचलून अन्यत्र नेता येत नाहीत. आमच्या जिल्ह्यातील वरोऱ्याची जुनी खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली व १९०६ साली बंद पडली. पस्तीस वर्षे! चांगला साग पुरता भरावयासही याहून अधिक काळ लागतो. खाणीचे आयुष्य असे आखूड असते, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी लांबचा विचार करावा लागतो.

परंतु हे उत्तर देताना दुसरा अर्धा भाग गाळू नये. खाण नको म्हणणाऱ्याने, खाणीत ज्यांस काम मिळाले असते त्यांच्या मुलांना कोणते काम मिळेल, याची चिंता आपली मानली पाहिजे. ती न मानता केलेला रानाचा कैवार आम्हांस आता पोकळ वाटतो. त्यास ठोकून पाहिले की भद्द वाजते.

तुम्हांस आज करता येईल अशी एक गोष्ट सांगतो. २००६ च्या नियमांप्रमाणे मोठ्या खाणीस परवानगी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते, व तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते. तीत प्रकल्पाचा अहवाल पाहावयास मिळतो, व कोणाही रहिवाशास उठून बोलता येते. अशी सूचना दिसली की घरी मोठ्याने वाचून दाखवा. किती पाणी उपसणार, किती माती कोठे टाकणार, किती जणांस किती वर्षे काम देणार, खड्डा शेवटी कोण बुजविणार, हे प्रश्न वहीत लिहून काढा, आणि वडिलांस विचारा. आमच्यापेक्षा त्यांनाच पुष्कळ उत्तरे ठाऊक असण्याचा संभव आहे.

तो पानाचा दगड त्या गृहस्थांनी शाळेस दिला. आम्ही नको म्हणालो, तो त्यांच्या मुलाचा आहे असेही म्हणालो. "मुलगा शाळेतच आहे," असे म्हणून त्यांनी तो आमच्या हाती ठेवला. विज्ञानशाळेच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर तो आता आहे. खाली चिठ्ठी लिहावयाची होती, पण आपले नाव घालू देण्यास ते कबूल होईनात. शेवटी चिठ्ठी त्यांच्या मुलाने आपल्या अक्षरांत लिहिली: "ग्लॉसोप्टेरिस. वय सुमारे २८ कोटी वर्षे. देणगी : एक खाणकामगार."

कपाटाची किल्ली आमच्यापाशी असते. ज्यास पाहावयाचे असेल त्याने मधल्या सुट्टीत यावे. पालकांनीही अवश्य यावे. खुर्ची मळेल याची चिंता करू नये.